मृदंगाची बाकी

जव्हारच्या बाजारपेठेतील त्या किराणा दुकानात गल्ल्याच्या डाव्या हाताला एक जुनी बैठक आहे. दिवाळीच्या वहीपूजनापासून सोयरिकीच्या बोलण्यांपर्यंत घरातील सर्व निर्णय याच बैठकीवर होत आले. जून महिन्याच्या आरंभी, पावसाळ्याचा माल भरून ठेवण्याची धांदल चालू असताना, घरातील बावीस वर्षांच्या मुलीने त्या बैठकीवर एक अर्ज आणून ठेवला. मुंबईतील विद्यापीठीय अभ्यासक्रमाचा तो अर्ज होता. भरतनाट्यमची दोन वर्षांची पदविका, वर्ग शनिवारी आणि रविवारी. राहण्याची सोय मुलुंडच्या मामांकडे. खाली पालकाच्या सहीसाठी जागा मोकळी होती.

मुलगी बी.कॉम. झालेली. दुकानाची जीएसटीची विवरणपत्रे तीच भरते, आणि दोन घाऊक व्यापाऱ्यांच्या हिशोबातील चुका तिने शोधून काढल्यापासून वडिलांचा तिच्यावर पुत्रवत् भरवसा. बालपणी दर रविवारी दादीचा हात धरून ती एसटीने नाशिकला नृत्याच्या वर्गाला जात असे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा ती मध्यमापर्यंत उत्तीर्ण झाली आणि मग बारावीच्या वर्षी, बहुतेक घरांत होते तसे, घुंगरू माळ्यावर गेले. ते आता पुन्हा खाली येऊ पाहत होते.

वडिलांची अडचण व्यावहारिक होती. विद्यापीठात नृत्य शिकवतात, हेच त्यांना प्रथम खरे वाटेना. त्यांची अशी समजूत असणे स्वाभाविक आहे, परंतु ती अर्धशतकाने मागे पडलेली आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात स्वातंत्र्यानंतर लवकरच नृत्याचे शिक्षण सुरू झाले. मुंबईत डॉ. कनक रेळे यांनी १९६६ साली नालंदा नृत्य संशोधन केंद्र स्थापन केले आणि पुढे मुंबई विद्यापीठाशी संलग्न असे नृत्याचे महाविद्यालय उभे केले. स्वतः रेळे कायद्याच्या पदवीधर होत्या. आंतरराष्ट्रीय कायद्याची पदविका त्यांनी मँचेस्टरहून घेतली होती, आणि मग १९७७ साली मुंबई विद्यापीठातून नृत्यातील डॉक्टरेट मिळविली. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून आहे. मुलीने हे सर्व एका दमात सांगितले. वडिलांनी इतकेच विचारले, की पदविका घेऊन करणार काय. ती म्हणाली, “जव्हारमध्ये वर्ग काढीन. आज इथल्या मुलीला शिकायचे तर नाशिक गाठावे लागते.” व्यापाऱ्याला हे उत्तर समजते. जेथे माल मिळत नाही तेथे दुकान घालावे, हा त्याचा कुलधर्मच आहे. वडील मऊ झाले.

प्रश्न दादाजींचा होता.

दादाजींचे वय अठ्ठ्याहत्तर. नवकारशी आणि चौविहार कधी चुकला नाही, रोजची सामायिक नाही असा दिवस नाही. नृत्याला त्यांचा विरोध असेल असे घरातील सर्वांनी गृहीत धरले होते, आणि त्या विरोधाला कोणते शब्द येतील हेही ठरवून टाकले होते: नाचगाणे, लोक काय म्हणतील, स्थळे कशी येतील. दादाजींनी यातला एकही शब्द उच्चारला नाही. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला आणि विचारले, “बेटा, पायातले घुंगरू कशावर शिवलेले असतात?”

भरतनाट्यमचे घुंगरू चामड्याच्या पट्ट्यावर ओळींनी शिवलेले असतात. दुसरा प्रश्न पोशाखाचा होता. तो परंपरेने कांजीवरम् रेशमाचा, आणि रेशीम म्हणजे कोशासह उकळत्या पाण्यात टाकलेले जीव. एका साडीमागे हजारो. तिसरा प्रश्न मृदंगाचा. त्याचे खोड फणसाच्या लाकडाचे. मात्र दोन्ही तोंडांना कातडे आणि ते ताणून धरणारी वादीही कातड्याचीच. चौथा प्रश्न सोपा होता: कार्यक्रम संध्याकाळी असतात, मग जेवणाचे काय?

ज्यांनी आयुष्यभर नृत्य शिकविले अशा किती गुरूंना हे प्रश्न सुचले असतील, कोण जाणे. लोक नर्तिकेच्या पदराकडे पाहतात. दादाजींची नजर थेट तिच्या पट्ट्याच्या कातड्यावर गेली. श्रावकाच्या घरात जन्म घेतल्याचा हा परिणाम आहे, आणि त्याची थट्टा करण्याचे कारण नाही.

मुलीने दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी तिने जुन्या रोजमेळाचा एक कोरा कागद घेऊन मधोमध रेघ मारली. डावीकडे जे टाळता येईल ते, उजवीकडे जे टाळता येणार नाही ते. घुंगरू डावीकडे गेले: कथकचे घुंगरू तर दोरीतच ओवतात, आणि भरतनाट्यमचेही जाड कापडी पट्ट्यावर शिवून मिळतात. पोशाखही डावीकडे गेला, कारण सुती आणि कृत्रिम धाग्याचे पोशाख सर्रास शिवले जातात आणि रंगमंचाच्या प्रकाशात प्रेक्षकाला फरक कळत नाही. जेवण डावीकडे: सूर्यास्तापूर्वी जेवायचे, ते जमले नाही तर त्या दिवशी रात्री काही घ्यायचे नाही. डब्यात खाखरा आणि सुकी भाजी. मृदंग मात्र उजवीकडे एकटाच उरला. कृत्रिम पडद्याचे मृदंग बनविण्याचे प्रयत्न झाले आहेत, परंतु बहुतेक वादक अद्याप कातड्याचाच वाजवितात. रोजच्या सरावाला तो लागत नाही, हेही तिने प्रामाणिकपणे खाली लिहिले. वर्गात गुरू लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल देतात आणि तोंडाने बोल म्हणतात; दोन वर्षांच्या शिक्षणाचा मोठा भाग त्या लाकडाच्या ठोक्यावरच पार पडतो. पण परीक्षेला आणि रंगमंचावर मृदंग आहेच.

दादाजींनी कागद दोनदा वाचला. “ही बाकी ओढावी लागेल,” ते म्हणाले. कागद त्यांनी घडी करून कोटाच्या खिशात ठेवला.

त्याच वेळी आतल्या दारात धान्य निवडत बसलेल्या दादी बोलल्या. त्या क्वचितच बोलतात. “देरासरात स्नात्रपूजेला तबला वाजतो, तो कशाचा असतो? गेली चाळीस वर्षे तुम्ही त्याच तबल्याशेजारी मंजिरी घेऊन बसता.” बैठकीवर काही काळ कोणी काही बोलले नाही. दादाजींनी खिशातला कागद काढला, उजव्या रकान्यात मृदंगाखाली स्वतःच्या हाताने ‘तबला’ असे लिहिले आणि कागद पुन्हा खिशात ठेवला. सही वडिलांनी केली. दादाजींनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही.

मौनाचा असा अर्थ काढण्याला आगमात एक आधार आहे, हे त्या घरात कोणाला सुचले असेल तर ते दादाजींनाच. रायपसेणीय सूत्रात सूर्याभ देवाची कथा येते. आमलकल्पा नगरीत भगवान महावीरांचे समवसरण असताना हा देव वंदनाला येतो आणि श्रमणांना दिव्य नाट्यविधी दाखविण्याची अनुज्ञा मागतो. भगवंत त्याचे कौतुक करीत नाहीत, निषेधही करीत नाहीत. ते मौन राहतात. मग तो बत्तीस प्रकारचे नाट्य सादर करतो, आणि त्यांतील अखेरचे खुद्द महावीरांच्या चरित्राचे असते. दिगंबर परंपरेत याच्या उलट बाजूची कथा आहे. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ऋषभदेवांच्या सभेत नीलांजना नाचत असते. नाचता नाचताच तिचे आयुष्य संपते, आणि तिच्या जागी क्षणार्धात दुसरी अप्सरा उभी केली जाते. सभेला कळत नाही, ऋषभदेवांना कळते, आणि तेथून त्यांचे वैराग्य सुरू होते. या दोन कथा शेजारी ठेवल्या तर आपल्या परंपरेने नृत्याला ना सरसकट हाकलले, ना डोळे झाकून डोक्यावर घेतले, असे दिसते.

जुलैपासून मुलगी शुक्रवारी दुपारची एसटी पकडू लागली. शनिवारी आणि रविवारी वर्ग, सोमवारी पहाटे परत, आणि दहा वाजता दुकानाच्या संगणकासमोर.

अशा पदविकेत नेमके काय शिकवितात, याविषयी व्यापारी घरांत जे चित्र असते ते वार्षिक स्नेहसंमेलनाचे असते. वस्तुस्थिती अशी, की पहिले कित्येक महिने विद्यार्थिनी नाचतच नाही. ती अर्ध्या बैठकीत, गुडघे बाहेर वळवून, उभी राहायला शिकते. त्या स्थितीला अरमंडी म्हणतात. त्यात पाठीचा कणा सरळ ठेवून तासभर पाय आपटणे म्हणजे काय, हे ज्याने केले नाही त्याला शब्दांनी सांगता येणार नाही. मग तट्टडवू, नाट्टडवू, एकेक अडवू तीन काळांत: आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट, आणि प्रत्येक काळात हाताचे, पायाचे, नजरेचे गणित तेच. चौपटीत शरीर लबाडी करू लागते. गुडघे हळूच वर येतात. गुरूंची काठी तेथे थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून. हिशोबनिसाला ही शिस्त परकी वाटू नये. शेवटी बेरीज जुळली म्हणून मधली चूक माफ होत नाही.

याच्या जोडीला लेखी प्रश्नपत्रिका आहेत, आणि खासगी वर्ग व विद्यापीठ यांतील खरा फरक तेथे आहे. नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पणातील अठ्ठावीस असंयुत हस्त विनियोगांसह पाठ करावे लागतात. पताका हस्त कोठे कोठे वापरावा याची यादीच एखाद्या घाऊक दुकानाच्या मालयादीसारखी लांब आहे. नाट्यशास्त्रातील १०८ करणे, सात मूळ तालांचे पाच जातींनी होणारे ३५ ताल, ग्रंथांची नावे, त्यांचे काळ. या ग्रंथांच्या यादीत मुलीला एक नाव सापडले आणि त्या आठवड्यात ती सोमवारऐवजी रविवारी रात्रीच परतली. वाचनाचार्य सुधाकलश हे जैन मुनी होते. १३५० च्या सुमारास त्यांनी संगीतोपनिषत्सारोद्धार हा ग्रंथ रचला, त्यात नृत्यावरही लेखन आहे, आणि तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापला गेला आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांचे शिष्य रामचंद्र आणि गुणचंद्र यांनी नाट्यदर्पण लिहिले होते, ते दादाजींना ठाऊक होते. हे नाव त्यांनाही नवीन होते. त्यांनी ते सामायिकाच्या वहीत उतरवून घेतले.

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत न आवडणारी पानेही असतात. आज ज्याला आपण भरतनाट्यम म्हणतो ते शतकानुशतके दक्षिणेतील मंदिरांच्या आणि दरबारांच्या आश्रयाने राहणाऱ्या स्त्रियांनी जपले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्याविरुद्ध चळवळ झाली. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि मद्रासमध्ये १९४७ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. प्रथेतील शोषण खरेच होते. पण त्याच काळात त्यांची विद्या सुशिक्षित घरांतील मुलींकडे आली, आणि ज्यांनी ती जपली त्या घरांचे नाव बहुतेकदा पुसले गेले. बालासरस्वतींसारख्या थोड्याच जणी त्या परंपरेतून उघडपणे पुढे उभ्या राहिल्या. ‘आपल्यासारख्या घरातील मुलीने हे शिकावे का’ असे विचारताना आपण एका जुन्या ऋणावर बोट ठेवून ते कर्ज दुसऱ्याच्याच नावे असल्यासारखे बोलत असतो.

त्याच पानांवर रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे नाव येते. १९३६ साली त्यांनी मद्रासजवळ कलाक्षेत्राची स्थापना केली, आणि कुलीन घरांना भरतनाट्यम स्वीकारायला लावण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. जैन वाचकाला त्यांचे दुसरे कार्य अधिक जवळचे वाटावे. १९५२ साली त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक मांडले. सरकारने स्वतः कायदा करण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. तो कायदा १९६० साली झाला, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मुलीने हे सांगितले तेव्हा दादाजींनी लगेच विचारले, “मग त्यांच्या नर्तिका काय नेसत?” कलाक्षेत्राच्या विणकाम विभागात रेशमी साड्याही विणल्या जात, हे तिने लपविले नाही. दादाजींच्या चेहऱ्यावर त्या बाईंविषयी सहानुभूती उमटली. “त्यांचीही बाकी राहिली म्हणायची,” एवढेच ते बोलले.

दादाजींचा सकाळचा फेरा शिरपामाळापर्यंत असतो. सुरतेच्या मोहिमेवर जाताना छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांची भेट घेऊन मानाचा शिरपेच अर्पण केला, आणि त्यावरून माळाला हे नाव मिळाले, अशी येथील परंपरा आहे. सुरतेची ती स्वारी जानेवारी १६६४ मधली. त्या लुटीत सुरतेचे कोट्यधीश जैन व्यापारी विरजी व्होरा यांची हवेलीही सुटली नाही. त्यामुळे दादाजी स्मारकाला मनोभावे नमस्कार करतात आणि मग, विरजींची आठवण म्हणून की काय, एक बारीक उसासाही टाकतात.

डिसेंबरात, परीक्षेआधी, मुलगी त्यांच्याबरोबर माळावर येऊ लागली. घरातील फरशीवर पाय आपटले की खालच्या गोदामातील हमाल वर पाहतात, म्हणून तिला मोकळी जागा हवी होती. चालता चालता तिने इतिहासाच्या वहीतला आणखी एक धागा सांगितला. या माळावरून सुरतेकडे गेलेल्या राजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी पुढे दहाबारा वर्षांनी तंजावरला आपले राज्य स्थापले. त्याच घराण्यातील दुसरे सरफोजी राजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर होते. त्यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ होते, आणि अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा जो क्रम आज प्रत्येक विद्यार्थिनी शिकते तो या चौघांनी बसविला. सरफोजींनी नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. त्या हस्तलिखितांतून बाहेर काढून पुन्हा नाचत्या केल्या त्या मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमार यांनी, आणि पुढे सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रंगमंचावर मांडल्या. म्हणजे ‘मद्राशी नाच’ म्हणून ज्याची घरात ओळख होती त्याच्या शब्दांत मराठी होती आणि आश्रयात भोसल्यांचे घर होते. दादाजी थांबले आणि स्मारकाकडे वळून पाहू लागले. या खेपेस उसासा आला नाही.

पलीकडच्या पाड्यात त्या दिवसांत तारपा वाजत असे. पीक घरात आले की वारली माणसे तारपेकऱ्याभोवती हातात हात गुंफून रात्रभर फेर धरतात, आणि त्यांना अर्ज भरावा लागत नाही. तारपा भोपळ्याचा आणि बांबूचा. त्यात कातड्याचा तुकडाही नाही, हे दादाजींनी आवर्जून लक्षात आणून दिले. सांधे मधमाशीच्या मेणाने जोडतात, असे दुकानात मीठ घ्यायला येणाऱ्या एका तारपेकऱ्याने सांगितल्यावर ते मंद हसले होते.

पहिल्या सकाळी माळाच्या कातळावर मुलगी अनवाणी उभी राहिली आणि सरावापूर्वीचा नमस्कार करू लागली. हा नमस्कार प्रत्येक वर्गाच्या आरंभी आणि अखेरीस असतो. विद्यार्थिनी हात खाली नेते, भूमीला स्पर्श करून तो डोळ्यांना लावते. दादाजींनी विचारले, हे कशासाठी. ती म्हणाली, “आता हिच्यावर पाय आपटणार, म्हणून आधी क्षमा मागायची.”

दादाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. सामायिकाच्या आरंभी श्रावक जे इरियावहियं म्हणतो त्यात जाण्यायेण्यात पायाखाली आलेल्या जीवांची क्षमाच मागितलेली असते: बीज, हिरवे गवत, दव, मुंग्यांची वारुळे, शेवाळ, माती, कोळ्याचे जाळे. ते सूत्र त्यांनी आयुष्यात किती हजार वेळा म्हटले असेल. आपल्याखेरीज आणखी कोणी पाय टाकण्याआधी जमिनीची क्षमा मागत असेल, ही कल्पना त्यांना कधी शिवली नसावी. “ही पहिल्या दिवसापासून शिकवितात?” त्यांनी विचारले. पहिल्या दिवसापासून, ती म्हणाली, अडवूंच्याही आधी.

प्रात्यक्षिक परीक्षा जानेवारीत झाली. परीक्षकांनी तिला हाताने ताल धरून जती म्हणायला लावली, मग तोच अडवू तिन्ही काळांत करविला, आणि कापडी पट्ट्याचे घुंगरू पाहून कारण विचारले. तिने कारण सांगितले. त्यांनी कागदावर काहीतरी टिपले. ते गुणांचे होते की कुतूहलाचे, ते कळले नाही. साथीला मृदंग होता. घरी आल्यावर तिने तेही सांगितले, आणि दादाजींनी कपाटातून रोजमेळाचा घडी केलेला कागद काढून उजव्या रकान्यात मृदंगापुढे तारीख घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती माळावर गेली तेव्हा दादाजी आधीच येऊन पोहोचले होते. कातळावर दव होते आणि एका भेगेतून मुंग्यांची ओळ निघाली होती. काठी बाजूला ठेवून, गुडघ्यावर हात टेकून ते कष्टाने खाली बसले होते. हातात घरचा जुना चरवळा होता, आणि तिला जेवढी जागा लागते तेवढी, डावीकडून उजवीकडे, ते हलक्या हाताने पुंजीत होते.